झोण, म्हणजे गावच्या कमाईतला वाटा, सगळ्यांनाच वाटून दिलं तर?

आमच्या वाड्यावर सरकारी अर्ज भरून देण्याचं काम कसं कोण जाणे माझ्याकडे आलं. सकाळी अकरानंतर मी हमखास घरी सापडते, एवढंच त्याचं कारण असावं. गेल्या पावसाळ्यात शेजारची वहिनी, गोवा सरकार गृहिणींना दरमहा पैसे देतं त्या 'गृह आधार'चा अर्ज घेऊन आली. नवरा टेम्पो चालवतो. "दोघांचं मिळून उत्पन्न किती लिहू?" मी विचारलं. ती हसली. म्हणाली, "कुठल्या महिन्याचं?"

प्रश्न रास्त होता. चतुर्थीच्या आधी त्या टेम्पोला उसंत नसते आणि जून-जुलैत तो निळी ताडपत्री पांघरून दारात उभा असतो. अर्जाला मात्र वर्षाचा एकच आकडा हवा आणि तोही तीन लाखांच्या आतला. सोबत मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, आधार, पासबुक. दर फेरीला टेम्पोचं एक भाडं बुडालं, कारण तिला नेणार-आणणार नवराच. महिना पंधराशे मिळवण्यासाठी तिने आधी किती घालवले, तो हिशेब आम्ही दोघींनी मांडला आणि लगेच पुसून टाकला.

मग असं का करू नये, की चौकशी नको, दाखले नकोत, सगळ्यांनाच दरमहा ठरावीक रक्कम खात्यात? हा विचार नवा नाही. जगभर त्याला युनिव्हर्सल बेसिक इन्कम म्हणतात, मराठीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न. आपल्याकडे निवडणूक आली की त्याची लहान-मोठी भावंडं दारोदार फिरतात, पण मूळ कल्पना काय आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

नेमकं काय, आणि काय नाही

खरं मूलभूत उत्पन्न म्हणायचं तर पैसे रोख हवेत, ठरावीक मुदतीने येत राहायला हवेत, कुटुंबाला नव्हे तर माणसागणिक हवेत, श्रीमंत-गरीब न बघता सगळ्यांना हवेत आणि त्यांच्या बदल्यात कामाची वा कसलीच अट नको. ही फूटपट्टी हाती घेतली की आपल्या योजना कुठे बसतात ते कळतं. रेशन रोख नाही. रोजगार हमीला कामाची अट आहे. 'पीएम किसान'चे वर्षाला सहा हजार रोख आहेत, पण फक्त जमीन नावावर असलेल्यांना. गोव्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २००१ पासून चालू आहे आणि ज्येष्ठांना महिना दोन हजार देते, पण वय आणि गरज बघून. 'गृह आधार' गृहिणींसाठी, त्यातही उत्पन्नाच्या मर्यादेतल्या. सावंतवाडीच्या माझ्या आतेबहिणीला मिळणारे 'लाडकी बहीण'चे पंधराशे २१ ते ६५ वयाच्या बायकांना, अडीच लाखांच्या मर्यादेत. म्हणजे यातलं एकही मूलभूत उत्पन्न नव्हे.

गंमत अशी की ही कल्पना डाव्यांनाही आवडते आणि उजव्यांनाही. डाव्यांना वाटतं, मजुराच्या हाती चार पैसे असले तर तो मालकाला 'नाही' म्हणू शकेल. बाजारवाद्यांचे गुरू मिल्टन फ्रीडमन यांनीही १९६२ मध्ये हिच्या जवळची एक योजना मांडली होती: अमुक उत्पन्नाच्या खाली असलेल्याने कर भरायचा नाही, उलट सरकारनेच त्याला पैसे द्यायचे. त्यांना योजनांचं जंगल आणि त्यावर पोसलेली बाबूगिरी साफ करायची होती. दोन्हीकडचे एकाच गोष्टीला हो म्हणतात तेव्हा मी जरा सावध होते. दोघांच्या मनातली गोष्ट बहुतेक वेळा वेगवेगळी असते.

दाखल्यांची किंमत

फायद्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मला हाच वाटतो, आणि तो अर्ज भरताना कळतो, पुस्तकात नाही. गरीब कोण ते ठरवून पैसे द्यायचे म्हटलं की दोन चुका अटळ असतात. ज्याला नको त्याला मिळतात आणि ज्याला हवेत तो राहून जातो. पहिल्या चुकीची चर्चा होते. दोन मजली घर, वरच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने, आणि तरी गृह आधार चालूच, अशी एक बाई प्रत्येकाला माहीत असते. दुसरी चूक दिसत नाही, कारण राहून गेलेला माणूस यादीतच नसतो. दाखल्याच्या रांगेतून तो मुकाट्याने घरी गेलेला असतो.

शिवाय मर्यादेचा कडा असतो. दोघांचं उत्पन्न २,९९,००० असेल तर वर्षाचे अठरा हजार हातात, ३,०१,००० झालं तर शून्य. दोन हजार जास्त कमावले म्हणून अठरा हजार गेले. असा नियम असेल तर माणूस एक तर कमी कमावेल किंवा कमी सांगेल. सगळ्यांना सरसकट दिले तर हा कडाच उरत नाही. श्रीमंतालाही द्यायचे का, यावर समर्थकांचं उत्तर तयार असतं: द्या, आणि कराच्या रूपाने परत घ्या. उत्तर तर्काला धरून आहे. गोव्यात ते कुठे अडकतं ते पुढे सांगते.

भारत सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत, अरविंद सुब्रमण्यन मुख्य आर्थिक सल्लागार असताना, यावर एक अख्खं प्रकरण होतं. केंद्राच्या सुमारे ९५० योजना आहेत आणि ज्या जिल्ह्यांत गरीब जास्त तिथेच त्यांचा पैसा कमी पोहोचतो, हे त्यात आकड्यांनिशी दाखवलं होतं. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, म्हणजे महिन्याला ६३५, आणि तेही शंभरातल्या ७५ जणांना द्यायचे ठरवले तरी देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ४.९ टक्के लागतील, असा तो हिशेब. लक्षात घ्या, सगळ्यांना द्यायची हिंमत कागदावरही झाली नाही.

फुकट मिळालं तर माणूस बसून खाईल का?

हा प्रश्न पहिला येतो आणि तावातावाने येतो. तो विचारणारा बहुधा असा असतो, ज्याला पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, मिळत नाही. नारळ माडावर सुकतात, फोन केला तर 'फाल्यां येतां', उद्या येतो, म्हणतो आणि येत नाही. आता यांना घरबसल्या पैसे दिले तर संपलंच, असा सूर. 'सुशेगाद', म्हणजे निवांत, आरामशीर, म्हणून आपल्याला बाहेरचे हिणवतात ते वेगळंच.

पण हे ताडून पाहिलेलं आहे. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येक प्रौढाला महिना दोनशे आणि मुलामागे शंभर रुपये दिले, वर्षाने ते तीनशे आणि दीडशे केले. अट कसलीही नाही. दीड वर्षाने ज्या गावांना काही दिलं नव्हतं त्यांच्याशी तुलना केली. दारूवरचा खर्च वाढला नव्हता. मुलांचं, त्यातही मुलींचं वजन सुधारलं होतं. लोकांनी काम सोडलं नव्हतं, मात्र दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून ते स्वतःच्या शेताकडे वळले होते. कुणी बी-बियाणं घेतलं, कुणी शेळी.

यातलं शेवटचं जरा थांबून पाहण्यासारखं आहे. मजुरी कमी झाली, हे मालकाच्या ओट्यावरून पाहिलं तर आळस दिसेल. मजुराच्या अंगणातून पाहिलं तर आता पडेल त्या भावाला राबायची गरज उरली नाही, एवढंच दिसेल. 'माणसं मिळणार नाहीत' या तक्रारीत 'या पैशांत' हे दोन शब्द गिळलेले असतात. खानावळीत भांडी घासणाऱ्या बाईला, किनाऱ्यावरच्या हंगामापुरत्या शॅकवर राबणाऱ्या पोराला महिन्याला खात्रीचे दोन-तीन हजार असतील तर तो पगार वाढवून मागेल. हा फायदा की तोटा, हे तुम्ही गल्ल्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर आहे.

फिनलंडने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं २,००० बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले. नोकरी लागली तरी पैसे चालूच. काम करणं कमी झालं नाही, किंचित वाढलंच, पण जाणवण्यासारखा फरक पडला तो मनावरच्या ताणात. उलट अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात हजार जणांना तीन वर्षं महिना हजार डॉलर दिले. २०२४ मध्ये निकाल आले. पैसे मिळणारे इतरांपेक्षा आठवड्याला साधारण सव्वा तास कमी काम करत होते. म्हणजे परिणाम शून्य नाही. पण सव्वा तास म्हणजे हातपाय पसरून बसणंही नव्हे.

या सगळ्या प्रयोगांत एक खोट मात्र आहे, आणि समर्थक ती दडपतात. पैसे कधीतरी थांबणार हे घेणाऱ्याला माहीत असतं आणि पैसे देणारा बाहेरचा असतो. ज्या गावाला मिळाले त्याच गावाकडून कर वसूल करून बघितलेलं नाही. जन्मभराची हमी आणि त्यासाठी चढा कर, अशी दोन्ही बाजूंची परीक्षा अजून झालेली नाही.

गोव्याचा हिशेब कागदावर

आता आकडेमोड. वहीचं एक पान पुरेल. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीवेळी गोव्यात मतदार सुमारे साडेअकरा लाख होते, तोच आकडा धरू. प्रत्येकाला गृह आधारइतके, महिना पंधराशे द्यायचे म्हटले तर माणशी वर्षाला अठरा हजार, एकूण २,०७० कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या आसपास होता. म्हणजे झेपण्याच्या काठावर. पण पंधराशेत कुणाचं मूलभूत भागतं? पणजीत राहू द्या, म्हापशात खोलीचं भाडंही त्यात निघत नाही. पाच हजार धरले तर ६,९०० कोटी, म्हणजे सगळ्या खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा. परवडते ती रक्कम पुरत नाही आणि पुरेल ती परवडत नाही.

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीआधी तृणमूलने घरटी एका बाईला महिना पाच हजार देण्याचं वचन दिलं होतं. साडेतीन लाख घरं धरली तर २,१०० कोटी. आम आदमी पक्षाने प्रत्येक बाईला हजार म्हटलं, काँग्रेसने गरिबांतल्या गरीब कुटुंबांना सहा हजार. पहिल्याला भोपळा मिळाला, दुसऱ्याला दोन जागा. लोकांना पैसे नको होते असं नाही. आमच्या वाड्यावरच्या बायका या योजनांची कार्डं भरून ठेवत होत्या आणि वर म्हणत होत्या, "दितले तेन्ना खरें." देतील तेव्हा खरं.

आणि ते 'करातून परत घ्या'. प्राप्तिकर लावतं केंद्र. गोवा सरकारच्या हाती उरतात ते जीएसटीचा वाटा, पेट्रोलवरचा व्हॅट, दारूवरचं अबकारी शुल्क, जमिनीच्या व्यवहारांवरची स्टॅम्प ड्युटी. म्हणजे राज्याने एकट्याने ही योजना काढली तर डॉना पावलातल्या बंगल्याला दिलेले पंधराशे परत आणायला त्याच्याकडे नीटसा रस्ताच नाही. ते वाढवणार पेट्रोलवरचा कर. आणि पेट्रोल भरतो आमच्या वहिनीचा नवरा. सिक्कीममध्ये तिथल्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने २०१९ मध्ये अशा योजनेचं वचन दिलं होतं, जलविद्युत आणि पर्यटनाकडे बोट दाखवून. त्याच वर्षी तो पक्ष हरला आणि ते तिथेच राहिलं.

महागाईचा मुद्दाही बाजारात उभं राहिलं की समजतो. पावसात एकसष्ट दिवस ट्रॉलरना मासेमारी बंदी असते. तेव्हा सगळ्यांच्या पिशवीत हजार रुपये जास्त आले म्हणून बांगडे जास्त येत नाहीत, फक्त वाटा महाग होतो. उलट तांदूळ, साबण, कपडे बाहेरून हवे तेवढे येतात, त्यांचा भाव गोव्यातल्या पैशाने फारसा हलत नाही. म्हणून 'सगळ्यांना पैसे दिले की सगळंच महाग होईल' हे जसं खोटं, तसं 'काहीच होणार नाही' हेही. जे वाढवता येत नाही ते महागतं, आणि गोव्यात असं सर्वांत मोठं काय, तर जमीन आणि भाड्याची खोली. घरमालकाला कळलं की भाडेकरूच्या खात्यात पंधराशे येतात, की पुढच्या करारात त्यातले काही तो काढून घेणार.

दुसरी गोष्ट रक्कम झिजण्याची. इराणने २०१० च्या अखेरीस इंधनावरचं अनुदान कापून जवळजवळ प्रत्येक नागरिकाला महिना ४,५५,००० रियाल द्यायला सुरुवात केली. जगातला तो सर्वांत मोठा असा प्रयोग. लोकांनी कामं सोडली नाहीत. पण रक्कम तीच राहिली, भाव चढत गेले, आणि काही वर्षांत तिची पत गेली. लांब कशाला, आपली गृह आधार २०१२ मध्ये सुरू झाली ती वाढत्या महागाईपासून गृहिणीला आधार म्हणूनच. हजाराचे बाराशे, मग पंधराशे झाले आणि पुढे गाडी बराच काळ तिथेच उभी राहिली. महागाईवरच्या औषधालाच महागाईने खाल्लं.

सर्वांत मोठी भीती मात्र मला वेगळीच वाटते. पैसे देतो आणि बाकीच्या सोयी बंद करतो, असा सौदा कुणी पुढे केला तर? माझ्या सासऱ्यांचं शेवटचं दीड वर्ष बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या, फेऱ्यांत गेलं. तिथे झालेल्या उपचारांचं खाजगीतलं बिल मी एकदा कुतूहलाने विचारून बघितलं होतं. महिना पंधराशेच काय, पंधरा हजारांनीही त्याला हात लागला नसता. आजार सगळ्यांना सारखा येत नाही, म्हणून सगळ्यांना सारखे पैसे हे त्याला उत्तर होत नाही. शाळेचं, सरकारी कदंब बसचंही तसंच. सोयी ठेवून वर पैसे, असं असेल तर बोलू. सोयींच्या बदल्यात म्हणाल तर माझा ठाम नकार.

दान की वाटा

इतकं सगळं लिहूनही ही कल्पना मी सोडून देत नाही, आणि त्याचं कारण गोव्यातच आहे. आपल्याकडे शेकडो वर्षं गावच्या शेताचे, खाजनांचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचे), माडांच्या बागांचे मालक गावकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले लोक, एकत्र असत. गावकारी म्हणा, पोर्तुगीज नावाने कोमुनिदाद म्हणा. शेतं पावणीने, म्हणजे लिलावाने, खंडाला दिली जात. आलेल्या पैशातून बांधांची आणि मानशींची (त्यातल्या पाण्याच्या दारांची) डागडुजी, देवळाचा वा चर्चचा खर्च, सरकारचा भरणा. उरेल ते गावकारांत वाटून घ्यायचं. त्या वाट्याला झोण म्हणतात. गावकार श्रीमंत आहे का, काम करतो का, हे कुणी विचारत नसे. तो गावचा, म्हणून त्याचा वाटा. १९६१ ची कोमुनिदाद संहिता आजही लागू आहे, सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी आहेत, आणि आता बऱ्याच ठिकाणी झोण चहा-भज्यांपुरतं उरलं असलं तरी ते घ्यायला माणसं कडक इस्त्री करून जातात. भीक घ्यायला कुणी इस्त्री करत नाही.

थॉमस पेनने १७९७ मध्ये हेच म्हटलं होतं: जमीन मुळात सगळ्यांची, जे ती एकट्याने वापरतात त्यांनी इतरांना भरपाई द्यावी, प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी पंधरा पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल दहा. अमेरिकेच्या अलास्का राज्याने तेलाच्या बाबतीत ते करून दाखवलं. १९७६ मध्ये कायमस्वरूपी निधी उभारला आणि १९८२ पासून दरवर्षी तिथल्या प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या मुलालाही, लाभांश मिळतो. २०२२ मध्ये तो ३,२८४ डॉलर होता. रक्कम वर-खाली होते, आणि २०१६ मध्ये तर गव्हर्नरने ती निम्म्यावर आणली. पण तिथे त्याला कुणी रेवडी म्हणत नाही, कारण तेल आपलं आहे हे लोकांना ठाऊक आहे.

आपलं तेल म्हणजे डिचोली-सत्तरी-सांगे-केपेचं लाल लोहखनिज. डोंगर गेले, बार्जी भरून गेल्या, आणि २०१२ मध्ये बंदी आली तेव्हा कळलं की गावाच्या हाती धुळीशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना खनिज विक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका कायमस्वरूपी निधीत घालायला सांगितलं. 'गोंयची माती' चळवळ त्याच्या पुढे जाते: खनिज हा पूर्वजांनी ठेवलेला ऐवज आहे, तो विकला तर पुरी किंमत निधीत टाका, मुद्दल हात न लावता पुढच्या पिढीला ठेवा, आणि महागाई वजा जाता उरणारं खरं व्याज तेवढं सगळ्यांना सारखं वाटा. त्यातून कुणाचं घर चालणार नाही. पण पेट्रोलवर कर वाढवून दिलेल्या पंधराशेपेक्षा मला तिथले तीनशे अधिक प्रामाणिक वाटतात.

फक्त झोणाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. बहुतेक कोमुनिदादींत ते पुरुष गावकारांनाच मिळे. मुलीला नाही, शेतात चिखल तुडवणाऱ्या कुळाला नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला नाही. वाटा सारखा होता, पण वाटेकरी कोण ते आधीच ठरलेलं होतं. 'सगळ्यांना' या शब्दाचं सगळं वजन त्यातच आहे.

गेल्या महिन्यात माझ्याकडे आणखी एकजण आली. मागच्या बाजूच्या खोल्यांत राहते, माहेर बेळगावकडे. नवरा सेंटरिंगच्या कामावर, ती पावसाळ्यात लावणीला आणि एरवी तीन घरी धुणी-भांडी. दोन्ही मुलं इथल्याच शाळेत, धाकट्याला तर कन्नड धड येतही नाही. अठरा वर्षं झाली म्हणते. घरमालक भाड्याचा कागद करून देत नाही, त्यामुळे खोली चारदा बदलूनही तिच्याकडे पत्त्याचा पुरावा एकच, दोन वर्षांपूर्वीचा. अर्जात तिचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलांची नावं मी लिहिली. वास्तव्याच्या रकान्यापाशी आम्ही थांबलो. "अठरा लिहा की," ती म्हणाली. मी पेन्सिलीने अठरा लिहिले. अर्ज अजून माझ्या खणात आहे.